हॉगवर्ट्सचा फॅट फ्रायर: ह्या आनंदी भुताबद्दल कोणी बोलतच नाही

ओसरी

हॅरी पॉटरमधल्या भुतांचा विषय निघाला की सगळे एकतर निअरली हेडलेस निककडे वळतात नाहीतर ग्रे लेडीकडे (रेव्हनक्लॉ हाऊसचं भूत), आणि खोड्या काढणारा पीव्हज तर भूत नसूनसुद्धा सगळ्यात जास्त भाव खाऊन जातो. पण हॉगवर्ट्स ह्या जादूच्या शाळेतल्या चार हाऊसपैकी (म्हणजे मुलांच्या गटांपैकी) हफलपफचं जे भूत आहे, फॅट फ्रायर (फ्रायर म्हणजे ख्रिस्ती साधू), त्याच्यावर दोन ओळींच्या पुढे कोणी लिहिलेलं मला सापडत नाही. मला तो मनापासून आवडतो, म्हणून हा धागा.

पहिल्या भागातला (मूळ पुस्तक १९९७, मराठीत 'परीस') तो प्रसंग आठवा. पहिल्या वर्षाची पोरं सॉर्टिंगच्या (कोण कुठल्या हाऊसमध्ये ते ठरण्याच्या) आधी बाहेर थांबवलेली, सगळ्यांची पाचावर धारण बसलेली, आणि अचानक मागच्या भिंतीतून वीसेक भुतं आत येतात. पोरांकडे त्यांचं लक्षही नाही, आपापसात वाद चाललाय. वाद कशावर, तर पीव्हजला आणखी एक संधी द्यायची की नाही. द्या म्हणणारा हा गुबगुबीत फ्रायर, आणि आता पुरे झालं म्हणणारा निक. मग निकचं लक्ष मुलांकडे जातं, तो विचारतो तुम्ही इथे काय करताय, कोणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. फ्रायर मात्र लगेच ओळखतो की ही नवीन पोरं आहेत, सगळ्यांकडे बघून हसतो आणि सांगतो की हफलपफमध्ये या, मी पण तिथलाच. मॅकगोनॅगल बाई नियम सांगून गेलेल्या असतात, त्यांचा चेहरा बघूनच मुलं गार पडलेली, त्यामुळे किल्ल्याच्या आत पाऊल टाकल्यावर ह्या मुलांशी पहिल्यांदा हसून बोलणारा माणूस म्हणजे हा, आणि तो शेकडो वर्षांपूर्वी मेलेला आहे. हे मला फार मोठं वाटतं.

आता त्याची गोष्ट. पुस्तकांत ती नाही, लेखिकेनं नंतर पॉटरमोर साइटवर लिहिली. हा माणूस फ्रायर असताना गावातल्या गरीब लोकांचा पॉक्स, म्हणजे ते अंगभर फोड येणारे आजार, नुसती काठी टोचून बरे करायचा (काठी म्हणजे अर्थातच जादूची छडी). शिवाय चर्चमधल्या प्रार्थनेच्या पवित्र पेल्यातून ससे काढून दाखवायचा. वरच्या धर्माधिकाऱ्यांना संशय आला आणि त्यांनी त्याला मृत्युदंड दिला. आणि पुढे असंही लिहिलंय की स्वभाव एकूण खेळकर असला तरी आपल्याला कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी) केलं नाही ह्याचा सल त्याला अजूनही आहे.

मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक, ज्याला लोकांना बरं केल्याबद्दल मारलं तोच माणूस दर वेळी दुसऱ्याला संधी द्या म्हणून भांडतो, आणि ह्याला भोळेपणा म्हणणं मला पटत नाही. दुसरी, पाचव्या भागात (२००३) हॅरीचा गॉडफादर सिरियस गेल्यावर हॅरी निकला गाठतो तेव्हा निक स्पष्ट सांगतो की मी मरणाला घाबरलो म्हणून मागे राहिलो. मग फ्रायर का राहिला? आयुष्यभर लोकांना स्वर्गाचं सांगणारा माणूस. तो पुढे का गेला नाही?

चिंचबोर

ओसरीताई भारी धागा!! मी हफलपफ आहे, हाऊस ठरवायची टेस्ट दिली तेव्हा आधी नाराज झाले होते खरंतर पण नंतर हफलपफचं ते स्वागतपत्र वाचलं पॉटरमोरवरचं, त्यात प्रीफेक्ट (हाऊसचा विद्यार्थी-नायक) सांगतो की आपलं भूत सगळ्यात मनमिळाऊ आहे, जाड आहे, फ्रायरच्या झग्यात असतो म्हणून लगेच ओळखू येईल आणि तुम्ही वाट चुकलात किंवा कसल्या अडचणीत असलात तर तो मदत करतो. हॉगवर्ट्समध्ये वाट चुकणं म्हणजे रोजचंच की, जिने हलतात तिथे. नवीन पोराला अशा वेळी कोण भेटावं तर हा. बॅरन (स्लिदरिन हाऊसचं ते रक्ताळलेलं भूत) भेटला तर पोरगं तिथेच बेशुद्ध पडेल.

मोडीवाचक

छान विषय. मला इतिहासाच्या बाजूनं थोडं लिहायचंय, कारण फ्रायर म्हणजे नक्की कोण हे कळलं की ह्या पात्राचा अर्थ बराच बदलतो असं माझं मत आहे.

मंक आणि फ्रायर एक नाहीत. मंक मठात राहणार, मठाच्या जमिनी, मठाच्या भिंती, त्याचं आयुष्य आत. फ्रायर हा रस्त्यावरचा माणूस. गावोगाव पायी फिरायचं, लोकांत राहायचं, प्रवचन करायचं, आजाऱ्यांकडे जायचं आणि लोक देतील त्यावर जगायचं, आपल्याकडच्या माधुकरीसारखं. युरोपात ही पद्धत तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जोरात आली, फ्रान्सिस ऑफ असिसी आणि डॉमिनिक ह्या दोघांमुळे. इंग्लंडमध्ये डॉमिनिकन फ्रायर आले १२२१ मध्ये, फ्रान्सिस्कन आले १२२४ मध्ये. आणि आठव्या हेन्रीनं रोमशी फारकत घेतल्यावर मठ बंद करायला सुरुवात केली, त्यात फ्रायरांची घरं १५३८ च्या सुमाराला बंद झाली.

म्हणजे बघा, पुस्तकात साल दिलेलं नसलं तरी आपला फ्रायर ह्याच साधारण तीनशे वर्षांतला असणार. बॅरन आणि ग्रे लेडी हे शाळेच्या संस्थापकांच्या काळातले, हजार वर्षांपूर्वीचे. निक मेला १४९२ मध्ये. तेव्हा फ्रायर हा बॅरनपेक्षा बऱ्यापैकी तरुण आणि निकच्या आगेमागे कुठेतरी. जादूगारांनी लपून राहायचं हा त्यांच्या जगातला कायदा १६८९ चा, त्यामुळे ह्याच्या वेळी जादूगार माणूस सरळ गावात राहून लोकांना बरं करत फिरू शकत होता, फक्त पकडलं जायचं नाही एवढंच.

आता काठी टोचून बरं करण्याबद्दल. त्याच इंग्लंडमध्ये कँटरबरीला आर्चबिशप थॉमस बेकेटच्या समाधीवर आजारी लोक चालत जायचे, बेकेटचा खून ११७० चा आणि त्याला संत घोषित केलं ११७३ मध्ये, एवढ्या झटपट, कारण तिथे लोक बरे होतात अशी ख्याती झाली. म्हणजे रोगी बरा होणं हे अख्ख्या चर्चला मान्य होतं, फक्त ते कोणाच्या हातून झालं हा प्रश्न. आर्चबिशपच्या समाधीवर झालं की चमत्कार, आणि एका जाड्या हसऱ्या फ्रायरच्या काठीनं झालं की चौकशी. फ्रायर आणि जादू हा संशय नुसता कल्पनेतला नाही बरं, रॉजर बेकन हा खराखुरा फ्रान्सिस्कन, ऑक्सफर्डचा, तेराव्या शतकातला, प्रकाश आणि आरशांवर त्यानं अभ्यास केला आणि १२६७ मध्ये आपला मोठा ग्रंथ पोपकडे पाठवला, तर नंतरच्या लोकांनी त्याला थेट जादूगार करून टाकलं, त्यानं पितळेचं बोलणारं डोकं बनवलं होतं अशी दंतकथा आहे.

कार्डिनलचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला बोलावतायत.

पिंपळपार

लेख आवडला पण मी थोडा विरोधी सूर लावतो. पीव्हजच्या बाबतीत बॅरनच बरोबर होता. चौथ्या भागात (२०००) पीव्हजला पहिल्या दिवसाच्या मेजवानीला यायचं असतं, त्यावर भुतांची सभा भरते, फ्रायर म्हणतो येऊ द्या, बॅरन ठाम नाही म्हणतो. आणि निक स्वतः सांगतो की बॅरननं शहाणपणा केला. पीव्हज काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे, दिवे फोडणार, पोरांच्या डोक्यावर वस्तू टाकणार. शाळेत शेकडो मुलं रोज त्याचा त्रास सहन करतात आणि एक प्रेमळ माणूस दर वर्षी म्हणतो अजून एक संधी. त्रास ज्यांना होतो त्यांना विचारलंय का? दयाळू असणं चांगलंच पण दर वेळी दयेचा खर्च दुसऱ्यानं करायचा हे मला नाही पटत.

ओसरी

पिंपळपार, मुद्दा रास्त आहे आणि मी त्यावर बराच विचार केलाय. पण त्याच प्रसंगात पुढे काय होतं ते बघा. बॅरननं नाही म्हटल्यावर पीव्हज गप्प बसला का? तो स्वयंपाकघरात घुसला, भांडीकुंडी फेकली, सगळीकडे सूपचे पाट वाहवले, आणि घाबरून अर्धमेले झाले ते हाऊस एल्फ (घरकामाला राबणारे छोटे जादुई जीव). बरं त्याच गप्पांमधून हर्मायनीला पहिल्यांदा कळतं की हॉगवर्ट्समध्ये एल्फ राबतात, आणि तिची पुढची सगळी चळवळ तिथून. म्हणजे संधी न देण्याचाही खर्च होताच, तो सगळ्यात दुबळ्यांनी भरला.

आणि पीव्हज पुढे काय करतो? पाचव्या भागात वीजली जुळे शाळा सोडून उडून जाताना पीव्हजला सांगतात अंब्रिजला (तेव्हाच्या जुलमी मुख्याध्यापिकेला) छळ म्हणून, आणि ज्यानं कधी एका विद्यार्थ्याचं ऐकलं नाही तो टोपी काढून सलाम ठोकतो. सातव्या भागात (२००७) लढाईत तो डेथ ईटर्सच्या (शत्रूच्या माणसांच्या) डोक्यावर स्नार्गलफच्या शेंगा टाकत फिरतो, शाळेच्या बाजूनं. त्याच्यात ते होतं. फ्रायरला ते आधीपासून दिसत होतं आणि बाकीच्यांना नाही, मी एवढंच म्हणते.

रातराणी

मला त्याचं जेवणाचं दुःख कोणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

दुसऱ्या भागातली (१९९८) निकची मृत्युदिनाची पार्टी आठवते का, पाचशेवा मृत्युदिन, तळघरात, काळ्या मेणबत्त्या निळ्या उजेडाच्या. तिथे टेबलावर सगळं सडलेलं जेवण मांडलेलं असतं, मासे, काळा पडलेला केक, बुरशी आलेलं चीज. एक भूत तोंड उघडं ठेवून त्या सडक्या साल्मनमधून आरपार चालत जातं. हॅरी विचारतो चव लागते का, ते भूत म्हणतं जवळजवळ, आणि खिन्न होऊन निघून जातं. उग्र वास आला तर काहीतरी लागल्यासारखं वाटतं म्हणून मुद्दाम कुजवलेलं. मला तो प्रसंग वाचताना पोटात कालवलं होतं.

आता फ्रायर कुठे राहतो? हफलपफ. हफलपफची खोली किल्ल्याच्या तळाशी, स्वयंपाकघराच्या अगदी शेजारी, पिंपांच्या राशीतून आत जायचं. शिवाय भुतांचं जे रूप असतं ते मरतानाचं. म्हणजे हा जाडा, खाण्यापिण्याची आवड असलेला (जाडा आहे म्हणजे असणारच) माणूस शेकडो वर्षं भाजलेल्या पावाच्या वासाशेजारी राहतोय आणि त्याला एक घास खाता येत नाही. साधा वाससुद्धा येत नसेल, सडल्याशिवाय. रोज संध्याकाळी शेकडो मुलं समोर जेवतायत, तो त्यांच्या मधून तरंगत हसत फिरतोय. कुरकुर केल्याचं एकदाही दिसत नाही. निक बघा, पहिल्याच जेवणात हॅरीच्या ताटाकडे बघून हळहळतो की शेकडो वर्षं जेवलो नाही. फ्रायर नाही. म्हणून मला त्याचं हसणं खरं वाटतं, कारण त्याच्याकडे न हसायला भरपूर कारणं आहेत.

चिंचबोर

रातराणी काय लिहिलंयस ग. आता मला रडू येतंय.

टेम्सकाठी

मी लंडनला असतो, ऑफिसला जाताना ब्लॅकफ्रायर्स स्टेशनवर उतरतो, आणि मोडीवाचकांचा प्रतिसाद वाचून लिहावंसंच वाटलं. स्टेशनचं नाव, पुलाचं नाव, सगळं त्या डॉमिनिकन फ्रायरांवरून, ते पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा घालायचे म्हणून ब्लॅक फ्रायर्स. त्यांचं घर तिथे नदीकाठी होतं, आणि आठव्या हेन्रीच्या पहिल्या लग्नाचं काय करायचं ह्यावर १५२९ मध्ये जी सुनावणी भरली ती ह्याच फ्रायरांच्या इमारतीत. दहा वर्षांच्या आत त्याच राजानं त्यांना तिथून घालवलं.

स्टेशनसमोर एक पब आहे, द ब्लॅकफ्रायर, पाचरीच्या आकाराची अरुंद बिल्डिंग, आणि कोपऱ्यावरच्या दरवाज्यावर एक भला मोठा जाडा फ्रायर उभा आहे पोटावर हात ठेवून, हसतोय. आतलं काम १९०५ च्या आसपासचं, संगमरवर आणि तांब्याचे उठावदार पट. एका पटावर फ्रायर मासे आणि ईल पकडतायत, वर लिहिलंय की उद्या शुक्रवार, कारण शुक्रवारी त्यांना मटण चालायचं नाही. दुसरीकडे ते गाणी म्हणतायत, वाद्यं वाजवतायत. प्रत्येकाचा चेहरा वेगळा काढलाय, एकजण जाळं ओढताना तोंड वाकडं करतोय इतकं बारीक काम. १९६० च्या दशकात ही बिल्डिंग पाडायला निघाले होते, जॉन बेटजमन ह्या कवीनं आणि बाकी लोकांनी मोहीम काढली म्हणून वाचली.

सांगायचा मुद्दा, इंग्रज माणसाच्या डोक्यात फ्रायर म्हटलं की हाच चेहरा आहे. रॉबिन हूडच्या टोळीतला फ्रायर टक पण असाच, जाडा, खाऊपिऊ, मारामारीला तयार. लेखिकेला वेगळं काही रंगवायची गरजच नव्हती, दोन शब्द लिहिले की तिथल्या वाचकाला पूर्ण माणूस दिसतो. म्हणूनच पुस्तकात त्याला जागा कमी मिळाली असेल.

मोडीवाचक

टेम्सकाठी, फार सुंदर माहिती. त्यात थोडी भर घालतो, हा हसरा जाडा फ्रायर जन्मला मात्र टीकेतून. चौदाव्या शतकापासून इंग्लंडमध्ये लोक फ्रायरांवर चिडलेले होते, की गरिबीची शपथ घेतात आणि श्रीमंतांच्या घरी जेवतात, पैसे घेऊन पापं माफ करतात. त्या चिडीतून लोकांनी गमतीची गाणी आणि गोष्टी रचल्या, त्यात फ्रायरचं पोट वाढत गेलं. पुढे खरे फ्रायर गेले, राग गेला आणि पोट आणि हसू तेवढं राहिलं. आपल्या फ्रायरमध्ये लेखिकेनं त्याच पोटाला एक चांगलं मन दिलंय, लोकांचे आजार बरे करणारं, म्हणजे मूळ फ्रायरांनी जे करायला सुरुवात केली होती तेच.

आणि आता कार्डिनल. सगळे ही गोष्ट विनोद म्हणून वाचतात, पण त्या काळात फ्रायर कार्डिनल होऊ शकत होता. डॉमिनिकन ह्यू ऑफ सेंट शेर १२४४ मध्ये झाला, फ्रान्सिस्कन बोनाव्हेंचर १२७३ मध्ये, आणि इंग्लंडमधलाच रॉबर्ट किलवर्डबी, डॉमिनिकन फ्रायर, आधी कँटरबरीचा आर्चबिशप आणि मग १२७८ मध्ये कार्डिनल. म्हणजे आपल्या फ्रायरनं जी आशा धरली ती हवेतली नव्हती, त्याच्या झग्यातल्या माणसांना ती लाल टोपी मिळालेली त्यानं ऐकली असणार. फक्त फ्रान्सिसनं आपल्या लोकांना स्वतःला 'लहान भाऊ' म्हणवून घ्यायला लावलं होतं, मोठेपणाच्या मागे लागू नका म्हणून. त्यामुळे ही इच्छा त्याला आतून टोचत पण असेल.

निळीशाई

ओसरी, तुझ्या मूळ प्रश्नावर कोणी आलंच नाही अजून, तो का राहिला. मी प्रयत्न करते.

निक काय म्हणतो ते नीट बघितलं तर तो स्वतःबद्दल बोलतोय. मी घाबरलो, मी निवडलं, मी इकडचा ना तिकडचा. आणि हे की फक्त जादूगारच असा ठसा मागे ठेवू शकतात आणि फार थोडे तो मार्ग घेतात. प्रत्येक भूत भित्रंच असतं असा नियम करायची गरज नाही असं मला वाटतं. ग्रे लेडीचं कारण वेगळं दिसतं, आईचा डायडेम (मुकुट) चोरल्याची लाज. बॅरनचं कारण पश्चात्ताप, तो साखळ्या घालून फिरतो. मग फ्रायरचं वेगळं का नसावं?

आपल्याकडे म्हणतात ना वासना अडकली की जीव अडकतो, तसं कार्डिनल व्हायचं राहिलं म्हणून तो राहिला हे एक सोपं उत्तर आहे, पण मला ते नाही पटत. कार्डिनल व्हायचं असतं तर भूत रोमला जाऊन बसलं असतं, व्हॅटिकनमध्ये फिरलं असतं. हा शाळेत परत आला. जिथे तो अकरा वर्षांचा असताना आला होता तिथे. आणि आल्यावर करतोय काय, तर नवीन मुलांना हसून बोलावतोय, वाट दाखवतोय.

मला वाटतं त्याला मरणापेक्षा काम अर्धवट सोडायची भीती होती. बघा ना, चौकशी सुरू झाली तेव्हा गावात अजून आजारी लोक असणारच. आज एकाला बरं केलं, उद्या शेजारच्या घरात जायचंय, आणि हे त्याला घेऊन गेले. मी स्वतः नर्स आहे, वॉर्डमधून ड्यूटी संपवून निघताना कुठला पेशंट रात्र कशी काढेल हे डोक्यात घेऊनच निघावं लागतं, त्यामुळे मला हे फार जवळचं वाटतं. स्वर्गावर त्याचा विश्वास असेलच, पण त्याला जायची घाई नव्हती. भूत होऊन कोणाला बरं करता येत नाही, काठी हातात धरता येत नाही, हे त्याला नंतर कळलं असेल. मग जे करता येतं ते करतोय, बोलणं.

पिंपळपार

निळीशाई, हे पटलं. खरंच पटलं.

पण माझा एक प्रश्न अजून आहे आणि तो मला जास्त छळतो. माफ करा आणि विसरून जा असं फ्रायर म्हणतो. त्याच किल्ल्यात ग्रे लेडी आहे, हेलेना. तिला भोसकून मारणारा बॅरन पण तिथेच आहे, त्याच दालनात, त्याच सभेत, हजार वर्षं. हेलेनानं हे माफ करा विसरा ऐकलं तर तिला काय वाटत असेल?

रातराणी

पिंपळपार हा प्रश्न मला पण पडलेला आणि मी मुद्दाम परत वाचून बघितलं. फ्रायर हे बॅरनबद्दल बोललेला कुठेच नाही. दोन्ही वेळा विषय पीव्हजचा आहे. पीव्हज दिवे फोडतो, फळे फेकतो, चिखल करतो, त्याच्यासाठी तो म्हणतो सोडून द्या. खुनासाठी नाही. हेलेनाला जाऊन तू माफ कर असं सांगणारा फ्रायर मला तरी कुठे दिसला नाही. स्वतःच्या बाबतीत पण बघ, ज्यांनी त्याला मारलं त्यांना माफ केलं असंही तो म्हणत नाही, उलट सल आहेच त्याच्या मनात. म्हणजे काय सोडून द्यायचं आणि काय नाही ह्याचं भान त्याला आहे. त्याला सरसकट गोडबोल्या करू नका.

ओसरी

रातराणी, हे मी लिहायला हवं होतं इतकं नेमकं लिहिलंस. आणि सल असूनही तो कडवट झाला नाही ह्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे. सल नसलेला आनंदी माणूस मला समजत नाही, हा समजतो.

हफलपफबद्दल पण एक लिहायचंय. हेल्गा हफलपफनं बाकीच्यांनी निवडून उरलेल्या सगळ्यांना घेतलं, एकसारखं शिकवलं. शाळेतल्या एल्फना आसरा पण तिनेच दिला असं पॉटरमोरवर होतं. त्या हाऊसला शोभणारं भूत हेच. आणि ह्या हाऊसला बावळट समजणाऱ्यांनी सातवा भाग काढून बघावा, लढाईसाठी कोण थांबलं. स्लिदरिनचं टेबल रिकामं, रेव्हनक्लॉचे काही थांबले, हफलपफचे त्याहून जास्त. वर्षानुवर्षं रोज ज्यांच्यात तो फिरला ती ही मुलं.

टेम्सकाठी

कोणाला सिनेमातला आठवतो का? पहिला सिनेमा २००१ चा, त्यात सायमन फिशर-बेकर ह्यांनी केला होता. काही सेकंदच आहेत, मेजवानीत भुतं येतात तेव्हा. निक जॉन क्लीज होता त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे. सायमन २०२५ मध्ये गेले तेव्हा इथल्या चाहत्यांनी ते दृश्य परत परत टाकलं होतं, इतक्या थोड्या भूमिकेसाठी लोकांनी इतक्या आपुलकीनं आठवण काढली ते बघून बरं वाटलं.

चिंचबोर

मला त्याचे सगळे प्रसंग परत वाचायचेत, कोणी धडे सांगेल का म्हणजे शोधत बसायला नको. माझ्याकडे सगळे भाग आहेत.

मोडीवाचक

चिंचबोर, हे घे. पहिल्या भागात सातवा धडा, सॉर्टिंगचा, भिंतीतून भुतं येतात तो. दुसऱ्या भागात आठवा धडा, निकची पार्टी, तिथे फ्रायर कपाळात बाण घुसलेल्या एका सरदाराशी गप्पा मारत उभा आहे, एकच ओळ आहे पण चुकवू नकोस, कारण त्याच परिच्छेदाच्या आसपास बॅरनपासून बाकी भुतं किती अंतर ठेवून आहेत तेही येतं. चौथ्या भागात बारावा धडा, तिथे निक भुतांच्या सभेचं सांगतो. निकचं मरणाबद्दलचं बोलणं पाचव्या भागाच्या शेवटच्या धड्यात आणि हेलेनाची हकीकत सातव्यात एकतिसाव्या धड्यात. ह्या दोन्हींत फ्रायर नाही पण वर निळीशाईंनी जे लिहिलंय ते ह्या दोन्हींशिवाय नीट लागत नाही.

चिंचबोर

थँक्यू दादा! बाण घुसलेला सरदार मला आठवतच नव्हता, आज रात्री दुसऱ्यापासून सुरू करते.